वन्सं, आपलं भांडण राहिलंय

वन्सं, तुमच्या चितेसमोर मी तुमच्या भावाच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या कुणाकडून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी मीच सांगते.

तो रडत होता तोवर मी गप्प होते. रडू दे म्हटलं, त्याची बहीण गेली आहे. मग देवळातली माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताईने माझ्यासाठी जन्म घालवला. तोंडातनं कधी वाकडा शब्द काढला नाही." तोंडातनं म्हणाला, वन्सं. तुमच्या तोंडाबद्दल बोलला तो, ज्याने ते फोडलं. माझा हात उठला आणि लागला. भटजींचा मंत्र मध्येच थांबला. कुणीतरी मला मागून धरलं, "लेस ली, शांती, लेस ली," सोड त्याला, सोड. मी कुठे धरलं होतं त्याला? एकच मारली. तो गालाला हातसुद्धा न लावता उभा राहिला आणि मग त्याच गालाने, माझी बोटं उमटलेली असताना, त्याने तुम्हाला अग्नी दिला.

मला वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही. तुम्ही असतात तर घरी नेऊन मला झापलं असतंत, आणि मी उलट बोलले असते, आणि मग आपण चहा घेतला असता. ते आता होणार नाही, म्हणून बसून बोलते आहे.

मी बों अक्योय गावाहून लग्न करून आले तेव्हा तुमचीच भीती जास्त होती. नवऱ्याचं काय, तो सरकारी कचेरीत, पांढरा सदरा, बोलायला मऊ. माझ्या आईने मला बसमध्ये बसवताना सांगितलं होतं, "नणंद नवरा सोडून माहेरी आलीय. तिच्याशी जपून." तुम्ही गुडलँड्सच्या सासरहून कशा आलात ते बेटावरच्या सगळ्या मराठी घरांत माहीत होतं. नवऱ्याने तुमचं कोपर मोडलं आणि तुम्ही चुलीवरचं उकळतं तेल त्याच्या पायांवर ओतून, मोडका हात ओढणीत बांधून बस धरलीत. पुढे मी एकदा विचारलं, पायांवरच का ओतलं? तुम्ही म्हणालात, "सणाचा दिवस होता शांते. अर्धं तेल ठेवायला पाहिजे होतं."

आणि ह्याच बाईचा आवाज रेडिओवर साबण विकायचा. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात ब्रेदची पालेभाजी निवडत होते आणि रेडिओवर एक बाई इथल्या क्रेओल बोलीत असं बोलली की जणू माझ्या केसांतून हात फिरवते आहे. मी विचारलं, "कोण ही?" सासूबाई म्हणाल्या, "तीच की, मागच्या दारी कोंबडीला शिव्या देतेय ती." मी मागच्या दारात जाऊन पाहिलं. तुम्ही खरंच शिव्या देत होतात, भोजपुरीत, आणि कोंबडी ऐकत नव्हती.

आपल्या रोझिल गावात तेव्हा नाटकं होती, गाण्याची मंडळं होती, सिनेमाची थेटरं होती, आणि कापडाच्या दुकानाच्या वर मिस्ये गास्तोंची ती एक खोली होती. भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मध्ये एक माइक, काचेपलीकडे तो आणि त्याची फिरणारी टेप. चहा, दुधाची पावडर, घराचा रंग, नवीन सिनेमा, सगळ्याची जाहिरात त्या खोलीतून बेटभर जायची. गणपतीत तुम्ही झाकरीच्या फेरात गात होतात ते गास्तोंने रस्त्यावरून ऐकलं आणि चपला काढून देवळात येऊन तुमचं नाव विचारलं. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की मीच तिथे होते असं मला वाटतं.

मला तिथे नेलंत ते चहाच्या जाहिरातीसाठी. नणंद-भावजय बोलतात असं होतं, दुसरी बाई आलीच नाही, आणि तुम्ही मला घरून पदर धरून ओढत नेलंत. "लिहिलेलं वाचायचं नाही," म्हणालात. "माझ्याशी बोल. मी रागावलेय, तू मला चहा करून दे." मी बोलले. गास्तों काचेमागून म्हणाला, "आंकोर एन फ्वा," पुन्हा एकदा, आणि आणखी एकदा, आणि मग त्याने अंगठा वर केला. घरी परतताना तुम्ही रस्त्यावर मला दालपुरी घेऊन दिलीत आणि म्हणालात, "हसताना ओठ हसव. ऐकणाऱ्याला ते कळतं." माझ्या आयुष्यात मला कुणी काही शिकवलं असेल तर ते तुम्ही. शाळेनेसुद्धा इतकं नाही.

पण लोक तुमच्या भावाला चिडवायला लागले. कचेरीतले, बसमधले, लाबुतिकच्या, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, मागे रम प्यायला बसणारे. तुझी बायको काल माझ्या घरात बोलली. तुझ्या बायकोने मला चहा दिला. हसण्यावारी न्यायची गोष्ट. त्याने नेली नाही. पहिल्यांदा पट्टा घेतला. मग हाताला येईल ते. एका रविवारी माझा आवाज लागला तेव्हा त्याने रेडिओ उचलून माझ्या पाठीवर फोडला, आणि फुटल्यावरही त्यातून काही वेळ खरखर येत होती, म्हणून तो त्याच्यावर नाचला, नंतर माझ्यावर. मी पोटुशी होते. त्याला माहीत होतं.

तुम्ही तेव्हा बाहेरगावी कार्यक्रमाला गेला होतात. आल्यावर तुम्हीच मला न्हाऊ घातलंत. सासूबाई म्हणत होत्या, होतं असं पहिल्या खेपेला, पडली असेल कुठे. तुम्ही तांब्याने पाणी घालत राहिलात, आणि माझ्या पाठीवर जिथे रेडिओची कड लागली होती तिथे तुमचा हात थांबला. मग तुम्ही उठून बाहेरच्या खोलीत गेलात. मी नहाणीत बसून ऐकलं. तुम्ही मुसळ घेतलंत. तो ओरडत होता, "ताई, ताई," आणि सासूबाई मध्ये पडत होत्या, आणि तुम्ही एक अक्षर बोलत नव्हतात. नुसता मुसळाचा आवाज. त्याचा खांदा महिनाभर वर जात नव्हता.

त्याने त्याचा राग वर्षभर साठवला. मारणं थांबवलं नाही, फक्त तुम्ही घरी नसताना, आणि दिसेल अशा जागी नाही. मी तुमच्यापासून लपवत होते, कारण मला वाटायचं तुम्ही त्याला मारून टाकाल आणि तुरुंगात जाल. मग दुधाच्या पावडरीची ती जाहिरात आली. आईने बाळाला हसवायचं होतं. बाळ नव्हतंच, नुसतं आईचं हसू. माझी बरगडी त्याने दोन दिवसांआधी मोडली होती, श्वास आत गेला की सुरी फिरत होती. मी हसले. गास्तों म्हणाला, "मादाम, आणखी मोठ्याने. आंकोर एन फ्वा." मी पुन्हा हसले. तुम्ही कोपऱ्यात स्टुलावर बसून तुमच्या पाळीची वाट पाहत होतात. तिसऱ्या वेळेला तुम्ही उठलात, सरळ माझ्याजवळ आलात, माझं पोलकं वर केलंत आणि पाहिलंत. काचेमागे गास्तोंने मान फिरवली.

"चल," म्हणालात. मी म्हटलं, "अहो, रेकॉर्डिंग." तुम्ही म्हणालात, "रेकॉर्डिंगला आग लाव. तू त्या घरात परत जायची नाहीस."

तुम्ही स्वतः माहेरच्या आसऱ्याला होतात, तरी त्या दिवशी ते घर सोडलंत आणि थेटराच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची खोली घेतलीत. आपण दोघी तिथे राहिलो. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने, वन्सं. पाऊस पत्र्यावर इतका आपटायचा की आपण एकमेकींशी ओरडून बोलायचो, आणि तुम्ही म्हणायचात की आवाजाला ह्याच्याहून चांगली तालीम नाही. मी बरी झाले. माझा आवाज मोकळा झाला. गास्तों मला एकटीलाही बोलवायला लागला.

मग ती सकाळ. त्याबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही. आज मी बोलते.

आपण माइकसमोर उभ्या होतो, आई आणि मुलगी, पुन्हा चहाच. बाहेर जिन्यावर पावलं वाजली म्हणून गास्तों चिडून उठला. दार बाहेरून ढकललं गेलं तसा गास्तों भिंतीवर आपटला. तुमचा भाऊ आत आला तोच कचेरीचा पांढरा सदरा घालून, हातात मागच्या परसातला नारळ सोलायचा कोयता. तो ओरडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आता बोल." एवढंच. मी माइकच्या आणि भिंतीच्या मध्ये अडकले होते. कोयता वर गेलेला मी पाहिला, आणि मग मला तुमची पाठ दिसली. निळ्या फुलांचं पातळ. तुम्ही मध्ये आलात आणि तो घाव तुमच्या तोंडावर बसला.

आवाज आला, तो मी सांगत नाही. तुमचा खालचा ओठ हनुवटीपर्यंत उघडला, पुढचे दात जमिनीवर पडले. आणि तरीही तुम्ही पडला नाहीत. माइकचा लोखंडी दांडा दोन्ही हातांत धरून तुम्ही त्याच्या गुडघ्यावर मारलात, तो वाकला तसा मनगटावर, कोयता पडला तसा पुन्हा गुडघ्यावर. रक्त तुमच्या गळ्यातून खाली धावत होतं, मारताना ते भिंतीवरच्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांवर उडत होतं. मग गास्तों त्याच्या छातीवर बसला आणि खालच्या दुकानातले लोक वर धावले. मी पदराने तुमचं तोंड दाबून धरलं होतं. तुम्ही मला काहीतरी सांगत होतात आणि ते शब्द होत नव्हते, नुसते बुडबुडे. पुष्कळ नंतर मी विचारलं, काय म्हणत होतात? तुम्ही म्हणालात, "तुला लागलं का, विचारत होते."

सगळा वेळ टेप फिरत होती. गास्तोंने ती न ऐकता जाळली.

दवाखान्यात सासूबाई आल्या. रडत आल्या, आणि तुमच्या खाटेवर बसून म्हणाल्या, "गया, बये, काच फुटली म्हण. स्टुडिओची काच फुटली म्हण. त्याची सरकारी नोकरी जाईल. एकुलता एक मुलगा गं माझा." मी उठून त्यांना बाहेर काढणार होते. तुम्ही हाताने मला थांबवलंत. बोलता येत नव्हतं, तोंड शिवलेलं होतं. तुम्ही त्यांचा हात धरलात आणि तुमच्या टाक्यांवर ठेवलात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची बोटं हळूहळू फिरवलीत. त्या हात ओढत होत्या, तुम्ही सोडत नव्हतात. मग त्या पुन्हा आल्या नाहीत.

आणि कोर्ट. मॅजिस्ट्रेट चांगला माणूस होता, म्हणाला, लिहून दिलं तरी चालेल. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. दुभाष्याने विचारलं, हे कुणी केलं? तुम्ही म्हणालात, "मो फ्रेर," माझा भाऊ. पण त्या ओठाने म निघेना, त्या दातांशिवाय फ निघेना. दुभाष्या म्हणाला, कळलं नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. ज्या आवाजाने अख्ख्या बेटाला साबण विकला, तो आवाज एका भरल्या खोलीत दोन शब्दांसाठी धडपडत होता आणि लाळ गळत होती. मला वाटलं, आता ही बसेल. तुम्ही रुमालाने हनुवटी पुसलीत, बोटाने खालचा ओठ वर धरलात आणि इतक्या मोठ्याने म्हणालात की बाहेर व्हरांड्यातले लोक आत डोकावले. मग मराठीतही म्हणालात, कुणी विचारलं नसताना, सरळ त्याच्याकडे बघून. "माझा भाऊ."

त्याने मान खाली घातली. त्याला तुरुंगात नेलं.

त्यानंतर तुम्हाला साबण कोण देणार? चहा कोण देणार? ती कामं माझ्याकडे आली, आणि मी नको म्हणाले. तुमचं तोंड बघून मला माइकसमोर उभं राहवेना. तुम्ही मला गचांडी धरून त्याच खोलीत नेलंत. भिंतीवरचे पुठ्ठे गास्तोंने बदलले होते. मी रडायला लागले तर तुम्ही चप्पल फेकून मारलीत. "रडण्याला गिऱ्हाईक आहे का? असेल तर रड. नसेल तर चहा वीक." काचेमागे उभं राहून तुम्ही हात वर-खाली करून मला शिकवायचात, इथे थांब, इथे श्वास घे, इथे खोटं बोलतेयस. मी चुकले की काच ठोकायचात. माझं पोट त्या कामावर भरलं, आजही भरतंय.

आणि तुम्हालाही काम मिळालं, हे आठवलं की मला अजून हसू येतं. रेडिओवरच्या नाटकांत चेटकिणी, खाष्ट सासवा, मेलेल्या म्हाताऱ्या. रिव्हिएर दू रांपारच्या बाजारात एका पोराने तुमचा आवाज ओळखला आणि भोकाड पसरलं. तुम्ही भाजीवाल्याशी मुद्दाम आणखी तसंच बोललात. त्या दिवशी बसमध्ये तुम्ही इतक्या हसलात की व्रणावर हात धरावा लागला.

सगळं इथे थांबलं असतं तर ही गोष्ट सरळ झाली असती. पण तो सुटला, आणि तुम्ही त्याला घरी आणलंत.

सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. नोकरी गेलेली, गुडघा तुम्हीच मोडलेला, तो लंगडत बस-स्टँडवर बसायचा. तुम्ही मला न विचारता त्याला पत्र्याच्या खोलीत आणलंत आणि मला गास्तोंच्या बहिणीकडे खोली बघून दिलीत. मी दारात उभी राहून ओरडले. गल्ली जमली. मी म्हटलं, "ज्याने तुमचं तोंड फाडलं त्याला वाढणार? ज्याने माझं पोटातलं लाथेने पाडलं त्याला?" तुम्ही दारातच उभ्या होतात, आत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तुम्ही म्हणालात, "तो तुझा नवरा होता, तू सोडलास, संपलं. माझा भाऊ आहे. मी सोडून संपत नाही."

मी म्हटलं, "मग कोर्टात कशाला बोललात?"

"त्यासाठीच बोलले," म्हणालात.

हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगू, आजही कळत नाही. त्यानंतर किती वेळा आपण भांडलो. स्टुडिओच्या जिन्यावर, बसच्या रांगेत, चौथीच्या दिवशी देवळात मोदकांची परात धरून. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की तो बदलला. कधी म्हणाला नाहीत की त्याला माफ कर. तसं म्हणाला असतात तर मला तुमच्याशी बोलणं सोडता आलं असतं. तुम्ही फक्त तुमचं करत राहिलात, आणि माझ्या शिव्या ऐकत राहिलात, आणि दुसऱ्या दिवशी काचेमागे उभ्या राहून हात वर-खाली करत राहिलात.

एक गोष्ट मी तुम्हाला विचारणार होते आणि राहून गेली. इतकी वर्षं तो ह्याच गावात होता, आणि एकदाही माझ्या दारात आला नाही. रस्त्यात आडवा आला नाही. दारू पिऊनही नाही. मला पूर्वी वाटायचं, गुडघ्यामुळे. आता तुम्ही गेल्यावर मनात येतं की तुम्ही त्याला तिथे बसवलंत ते तो तुमच्या नजरेखाली राहावा म्हणून तर नव्हे? माझ्या आणि त्याच्या मध्ये दुसऱ्यांदा उभ्या राहिलात का? का हे मीच लावतेय, तुमच्यावरचा राग कमी व्हावा म्हणून? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दोन्ही लाव आणि कामाला लाग."

तुम्ही गेलात ते सकाळी सकाळी, छातीत कळ येऊन, कुणाला काही बोलायच्या आत. माझ्याकडे निरोप घेऊन तोच आला. लंगडत, उन्हात, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या दारापर्यंत. मी खिडकीतून पाहिलं आणि हातात स्वयंपाकाची सुरी घेऊन दार उघडलं. तो पायरीच्या खाली थांबला. वर आला नाही. म्हणाला, "ताई गेली." मग म्हणाला, "तिने सांगितलं होतं, काही झालं तर पहिल्यांदा शांतीला सांग." मी दार लावलं आणि जमिनीवर बसले, सुरी हातातच. कितीतरी वेळ सुटत नव्हती.

तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं समजू नका. मी अजून म्हणते, तुम्ही त्याला आणायला नको होतं. तुमच्या त्या फाटक्या ओठाची शपथ घेऊन म्हणते. माझ्यात तुमच्यासारखं नाही, आणि ते नाही ह्याची मला लाज नाही. ज्या पोराला मी पाहिलं नाही त्याच्या वतीने कुणालातरी राग धरायला पाहिजे. तो मी धरणार.

काल तुमच्या खोलीशेजारची चिनी मादाम मला रस्त्यात भेटली. म्हणाली, गयाचा भाऊ खोलीत नुसता बसून असतो, चूल पेटवत नाही, मी थोडा भात आणि सूप देऊ का त्याला, तुझी हरकत नाही ना? ती थांबली माझ्या उत्तरासाठी. मी तिच्या हातातली पिशवी बघत राहिले, मग म्हटलं, "तुमचा भात, मादाम. तुम्ही बघा."

ती त्याला देते. मी देत नाही आणि देणार नाही. पण तिला मी अडवलं नाही. इथपर्यंत मी आलेय, वन्सं. ह्याच्यापुढे मला ओढू नका.